झाडू आपल्या हातात, कंत्राटही आपल्या हातात

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)

 

मी काही वक्ता नाही. गिरणीत राबणारा माणूस. शाळा थोडीच झाली. बाकी जे काही आलं ते युनियनच्या कचेरीत, वाचनालयात आणि लेबर कोर्टाच्या बाकड्यावर बसून आलं. समितीनं मला विषय दिला, साफसफाईचा छोटा धंदा कायदेशीरपणे कसा सुरू करावा आणि कसा चालवावा. वस्तीतली काही पोरं आणि महिला मंडळाच्या काही ताया याचा विचार करताहेत, म्हणून हा विषय.

विषय फळ्यावर लागला तशी काही वडीलधारी मंडळी नाराज झाली. त्यांचं म्हणणं असं की, ज्या झाडूतून आणि ढोरं ओढण्यातून बाबासाहेबांनी आपल्याला बाहेर काढलं, तोच झाडू पुन्हा विहारातून वाटायचा काय? हा सवाल रास्त आहे. त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढचं बोलता येणार नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या बापजाद्यांकडे जे होतं ते काम नव्हतं, वतन होतं. महार वतनात तीन गोष्टी नव्हत्या. कामाला वेळ नव्हती. रात्री हाक आली तरी उठायचं. मोबदल्याला आकडा नव्हता. बलुतं मिळेल तेवढं, नाही मिळालं तर नाही. आणि तिसरी गोष्ट, नाही म्हणायचा हक्क नव्हता. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक मांडलं ते याच्यासाठी. त्यांचं भांडण मेहनतीशी नव्हतं, गुलामीशी होतं.

मग आज सफाईचा धंदा करायचा की नाही, हे ओळखायची कसोटी आपल्याला तिथंच मिळते. ज्या कामाला ठरलेली वेळ आहे, ठरलेला आकडा आहे आणि नाही म्हणायचा हक्क आहे, तो धंदा. या तिन्हीतली एक जरी गेली तरी ते पुन्हा वतन झालं, मग अंगावर युनिफॉर्म असो की गळ्यात ओळखपत्र असो.

आता आजची परिस्थिती बघा. १९८२ चा संप झाला, पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्या जमिनींवर मॉल आणि काचेची ऑफिसं उभी राहिली. जिथं आपल्या माणसांनी साचे चालवले, तिथंच त्यांची पोरं-सुना आज हाऊसकीपिंगच्या नावाखाली लादी पुसतात. पुसण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण झाडू आपल्या हातात आणि कंत्राट दुसऱ्याच्या खिशात, ही वाटणी कुणी केली? जुन्या गिरण्यांतही असंच होतं. विणाईखात्यात पगार जास्त, तर तिथं अस्पृश्यांना मज्जाव. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला होता. तेव्हा सवाल पैशाच्या खात्यात शिरण्याचा होता, आजही तोच आहे. फरक एवढाच की आजचं पैशाचं खातं म्हणजे कागद, बिल आणि करारपत्र.

कागद कोणते, आणि कशासाठी

पोरं कागदाला घाबरतात, म्हणून क्रमानं सांगतो.

पहिलं, धंदा कुणाच्या नावानं ते ठरवा. एकट्यानं करायचा तर एकल मालकी, म्हणजे प्रोप्रायटरशिप, सगळ्यात सोपी. दोघं-तिघं मित्र मिळून करणार असाल तर भागीदारीचा करार स्टॅम्प पेपरवर करा आणि फर्मची नोंदणीही करून घ्या. मैत्री आहे, कागद कशाला, असं म्हणू नका. भागीदारीच्या १९३२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्या फर्मला करारातला पैसा वसूल करायला दिवाणी कोर्टात दावा लावता येत नाही. गिऱ्हाईकानं पैसे बुडवले तर हात चोळत बसावं लागेल.

दुसरं, उद्यम नोंदणी. १ जुलै २०२० पासून ही आधारवर ऑनलाइन होते आणि तिला एक पैसाही फी नाही. कुणी एजंट हजार-दोन हजार मागत असेल तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. या नोंदणीचा उपयोग काय तो पुढे सांगतो, कारण आपल्यासाठी सगळ्यात कामाचा कागद तोच आहे.

तिसरं, गुमास्ता. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना यांचा २०१७ चा कायदा आहे. थोडीच माणसं कामाला असतील तर नोंदणीची गरज नाही, ऑनलाइन सूचना द्यायची आणि तिची पावती जपून ठेवायची. माणसं वाढली की रीतसर नोंदणी. बँकेत धंद्याच्या नावानं करंट खातं उघडायला हे कागद लागतात. घरखर्चाचं खातं आणि धंद्याचं खातं पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा.

चौथं, व्यवसाय कर. स्वतःचा वर्षाला २,५०० रुपये. शिवाय ज्या कामगाराचा पगार मर्यादेच्या वर आहे त्याच्या पगारातून कापून भरायचा. पुरुषाचा पगार महिना १०,००० च्या वर असेल तर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. महिला कामगारांना २०२३ पासून महिना २५,००० पर्यंत हा कर माफ आहे. तरी काही ठेकेदार बायांच्या पगारातून दोनशे रुपये कापून घेतात. तुमच्या पगारपत्रकावर ते दिसले तर विचारा.

पाचवं, जीएसटी. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी सक्तीची. साफसफाईच्या बिलावर १८ टक्के. तोपर्यंत बिलावर जीएसटी लावायचा नाही. नंबर नसताना जीएसटी वसूल करणं हा गुन्हा आहे.

सहावं, ईएसआय आणि पीएफ. दहा माणसं झाली की ईएसआय, वीस झाली की पीएफ. ईएसआयला मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के, पगार २१,००० पर्यंत. पीएफला कामगाराचे १२ टक्के आणि मालकाचे १२ टक्के, वर प्रशासन आणि विम्याचे मिळून मालकाला १३ पडतात.

ईएसआयचं महत्त्व आपल्या बायांना विचारा. आपल्याच वस्तीतली एक ताई एका ठेकेदाराकडे कित्येक वर्षं होती. दर महिन्याला पैसे कापले जात होते. गर्भाशयाचं ऑपरेशन निघालं तेव्हा दवाखान्यात कळलं की तिच्या नावाचा नंबरच नाही. कापलेले पैसे कुठं गेले? म्हणून धंदा करणाऱ्या पोरांना माझं सांगणं आहे, कामगाराला त्याचा नंबर पहिल्याच महिन्यात हातात द्या. आणि काम करणाऱ्या तायांना सांगणं आहे, नंबर मागून घ्या आणि मोबाईलवर तपासून बघा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्यात. किमान वेतन, पीएफ, ईएसआय, कंत्राटी कामगार यांचे जुने कायदे त्यात सामावले गेले. छोट्या मालकानं त्यातल्या काही गोष्टी पाठ करून ठेवाव्यात. प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र द्यायचं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. जादा कामाला दुप्पट दर. आणि पन्नास किंवा जास्त कंत्राटी कामगार झाले की ठेकेदारीचं लायसन्स. याशिवाय दहा माणसांच्या ठिकाणी महिलांच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती नेमायची, हे २०१३ च्या कायद्यानं सक्तीचं आहे. सफाईत निम्म्याहून जास्त आपल्या बहिणीच असतात, तेव्हा ही समिती कागदावर राहता कामा नये.

आकडा कसा काढायचा

कागद झाले. आता खरा पेच. सोसायटीचा सेक्रेटरी विचारतो, एका माणसाचे महिन्याचे किती घेणार? इथं नवा माणूस घाबरून कमी बोलतो, आणि तिथंच गुलामी सुरू होते.

वीसच्या वर माणसं असलेला धंदा धरा. किमान वेतन आपल्या राज्यात परिमंडळाप्रमाणे ठरतं. मूळ वेतन आणि विशेष भत्ता असे त्याचे दोन भाग, आणि भत्ता जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो. बोली करण्याआधी त्या दिवसाचा आकडा काढून घ्या. आत्ता हिशेबापुरते १५,००० धरू.

पगार १५,०००. पीएफ १३ टक्के, १,९५०. ईएसआय ४८८. बोनस ८.३३ टक्क्यांनी, १,२५०. रजेच्या दिवसांसाठी ५ टक्के राखून ठेवले, ७५०. झाले १९,४३८. फिनाईल, पोछा, वायपर, हातमोजे, युनिफॉर्म यांना माणशी १,००० धरा. झाले २०,४३८. त्यावर आपला १० टक्के मेहनताना २,०४४. एकूण २२,४८२. जीएसटी वेगळा. साप्ताहिक सुट्टीला लागणाऱ्या बदलीचा पगार तर यात अजून धरलेलाच नाही. गिरणीत आपण बदली कामगार म्हणत होतो तसाच हा बदली.

आता दुसरा ठेकेदार येतो आणि म्हणतो, मी सोळा हजारांत माणूस देतो. तो काही जादूगार नाही. वरच्या हिशेबात त्यानं कुठली ओळ खोडली ते बघा. फिनाईल फुकट मिळत नाही आणि स्वतःचा मेहनताना तो सोडत नाही. त्यानं खोडलं ते पीएफ, ईएसआय, बोनस आणि पगारातले दोन-तीन हजार. म्हणजे त्यानं सोसायटीला जी सूट दिली ती कामगाराच्या ताटातून काढून दिली.

पोरं म्हणतील, काका, असा भाव सांगितला तर काम कोण देणार? कबूल आहे, काही ठिकाणी नाही मिळणार. पण हिशेबाचा कागद सेक्रेटरीसमोर ठेवा. त्याला सांगा, ठेकेदारानं पगार बुडवला तर ज्याच्या जागेत काम चाललं त्याच्यावरही जबाबदारी येते, तसं कायद्यात लिहिलंय. स्वस्तातला ठेकेदार त्यालाही महागात पडू शकतो. मुंबईत हे घडलेलं आहे. महापालिकेच्या कचरा उचलणाऱ्या २,७०० कामगारांना कागदावर ठेकेदारांचे म्हणून दाखवलं होतं. ते युनियनमार्फत लढले आणि ७ एप्रिल २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं त्यांना महापालिकेचे कायम कामगार ठरवलं. खोट्या कंत्राटाचा कागद कायम टिकत नाही.

सोसायटीशी लेखी करार करा. किती मजले, किती वेळा, सामान कुणाचं, बिल कुठल्या तारखेला, काम सोडायची नोटीस किती दिवसांची. त्यात एक कलम न विसरता घाला, सरकारनं किमान वेतन वाढवलं की बिलही तेवढं वाढेल. हे कलम नसलं तर जुलैची वाढ तुम्हाला खिशातून भरावी लागेल, किंवा कामगाराची मारावी लागेल.

पैसे अडकले तर? इथं उद्यमचा कागद कामाला येतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे छोट्या उद्योगाचं बिल करारात काहीही लिहिलं तरी ४५ दिवसांच्या आत चुकतं करावं लागतं, आणि करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर केला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तक्रार फॅसिलिटेशन कौन्सिलकडे करता येते. बिलाच्या खाली उद्यम नंबर छापा, म्हणजे समोरच्याला आठवण राहते.

भांडवल आणि सरकारी कामं

हा धंदा थोड्या भांडवलात होतो. पहिल्या वर्षी जिने, पार्किंग, दिवाळीच्या आधीची घरसफाई, सोफे धुणं अशी कामं घ्या. लादी घासायचं मशीन, पाणी ओढणारा व्हॅक्यूम हे पुढे. मुद्रा योजनेत शिशु कर्ज ५०,००० पर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत, आणि तारण लागत नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी १९७८ साली स्थापन झालेलं महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे, तिथंही चौकशी करा. कर्ज मशीनसाठी घ्या. लग्नासाठी, गाडीसाठी धंद्याच्या नावावर उचललेलं कर्ज धंदा बुडवतं.

आणखी एक गोष्ट आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. केंद्र सरकारची खाती आणि सार्वजनिक कंपन्या यांच्या २०१२ च्या खरेदी धोरणाप्रमाणे वर्षाच्या खरेदीतला २५ टक्के भाग छोट्या उद्योगांकडून घ्यायचा आहे. त्यातच ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी आणि ३ टक्के महिला उद्योजकांसाठी ठेवलेत. अनामत रक्कमही माफ असते. बौद्ध झालेल्या अनुसूचित जातीच्या माणसाला केंद्राच्या सवलती १९९० पासून आहेत. तेव्हा जातीचं प्रमाणपत्र आणि उद्यम नोंदणी दोन्ही तयार ठेवा आणि सरकारच्या जेम पोर्टलवर नाव घाला. सफाईची, हाऊसकीपिंगची मोठमोठी कामं तिथं निघतात. मात्र आपल्या नावावर दुसऱ्यानं टेंडर भरायचं आणि आपण सहीपुरते मालक, हा प्रकार करू नका.

नाही म्हणायचा हक्क

आता शेवटचा आणि जिवाचा मुद्दा. सोसायटीचं काम मिळालं की एक दिवस सेक्रेटरी म्हणतो, सेफ्टी टाकी भरली आहे, तुमचा एक माणूस उतरवा, दोन हजार जास्त देतो. त्या वेळी उत्तर एकच. नाही.

हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा आहे. तो अंमलात आला ती तारीख लक्षात ठेवा, ६ डिसेंबर २०१३, बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन. सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवला तर पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा पाच वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली अशा मृत्यूला १० लाखांची भरपाई ठरवली होती, २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती ३० लाख केली.

तरीही माणसं मरतात. टाकीतला वायू वासावरून ओळखू असं कुणी समजू नका. तो जास्त झाला की नाक बधिर होतं, वास येतच नाही आणि माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. वर्तमानपत्रातली नावं वाचा, कुठल्या वस्त्यांमधली असतात ते सांगायला नको. हे काम सक्शन गाडीचं आहे, माणसाचं नाही. आपला मालक, आपलाच ठेकेदार आणि आपलाच पोरगा टाकीत, असं झालं तर त्या मालकानं विहारात येऊन कुठल्या तोंडानं त्रिशरण म्हणावं?

छोट्या धोक्यांनाही नाही म्हणायला शिका. संडासाचं ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर एकत्र करायचं नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत जीव गुदमरतो. बाहेरच्या बाजूने काचा पुसायला बेल्टशिवाय कुणाला पाठवायचं नाही. हातमोजे कामगाराच्या पगारातून कापायचे नाहीत.

भगवंतांनी सम्यक आजीविका सांगितली. हत्यारांचा, प्राणिमात्रांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा व्यापार उपासकानं करू नये असं सांगितलं. सफाई त्यात नाही. सुनीत झाडूवाल्याला त्यांनी संघात घेतलं, त्याचं काम बघून दूर लोटलं नाही. पण दुसऱ्याचा पगार मारून चालवलेला धंदा सम्यक होऊ शकत नाही, मग मालकाच्या घरात कितीही मोठी मूर्ती असो. १९४६ साली कारखान्यांतला ५४ तासांचा आठवडा ४८ तासांवर आला आणि किमान वेतनाचं विधेयक मांडलं गेलं, तेव्हा मजूर खातं बाबासाहेबांकडे होतं. त्यांनी मिळवून दिलेलं किमान वेतन त्यांच्याच लेकरानं मालक होऊन बुडवावं, यापेक्षा मोठी लाज नाही.

म्हणून नाराज झालेल्या वडीलधाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, आपण पोरांना पुन्हा झाडूकडे पाठवत नाही. आज झाडू आपल्या हजारो आया-बहिणींच्या हातात आहेच. त्यांच्या वरती बसलेला ठेकेदार कायदा पाळणारा असावा आणि तो आपल्यातला असावा, एवढंच मागतो आहे. आणि ज्याला शिकून दुसरं काही व्हायचं आहे त्यानं खुशाल व्हावं. सफाईवालीच्या पोरीनं सफाईचाच धंदा करावा असं म्हटलं तर तेही वतनच झालं.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी रविवारी सायंकाळी वंदना झाल्यावर विहारात यावं. आधार, पॅन, बँकेचं पासबुक आणि जातीचं प्रमाणपत्र बरोबर आणा. मी चटईवर बसलेला असेन. कागद भरायला कुणाला पैसे द्यावे लागणार नाहीत. अट एकच, पहिला कामगार ठेवाल त्या दिवशी त्याचं नेमणूक पत्र आणि हजेरीचं मस्टर मला दाखवायचं.



जयभीम! नमो बुद्धाय!